तो समोर आला, की आपण?

‘बिबट्या समोर आला तर काय करायचं?’

प्राण्यांविषयी बोलायला कुठल्याही गावात गेलो, तरी चहा येण्याच्या सुमारास हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला एका वाक्याचं उत्तर हवं असतं: पळायचं की झाडावर चढायचं? दोन्ही चूक. पळणाऱ्याच्या मागे लागणं मांजरकुळाच्या हाडीमाशी खिळलेलं आहे, आणि झाडावर तो आपल्यापेक्षा कैक पटींनी चांगला चढतो. पण एवढंच सांगून थांबलं, तर विचारणारा आला होता त्याहून जास्त घाबरून घरी जातो. म्हणून मी आधी प्रश्नच दुरुस्त करायला घेतो. सगळी गोम ‘समोर आला’ या दोन शब्दांत आहे. समोर कोण आलं? तो, की आपण?

१. उसातली चार सेकंदं

माझ्या मामाची जुन्नर तालुक्यात ओतूरकडे चार एकर शेती आहे, त्यातली अडीच एकर उसाखाली. पौषातली रात्र होती. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची होती, म्हणून आम्ही दोघं दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, निघालो होतो. मी पुढे बॅटरी घेऊन, मामा मागे खांद्यावर फावडं टाकून. पाटाचं पाणी खळखळत होतं. फडाच्या कोपऱ्यावर बांध वळतो तिथे मी वळलो, आणि बॅटरीच्या झोतात गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन हिरवट-पिवळे दिवे लागले. आधी नुसते दिवेच. मग त्यांच्यामागे कानांची कड दिसली, मग खांदा.

‘हालू नको,’ मामा मागून म्हणाला. ‘आन् खाली बसू नको.’

मग तो मोठ्यानं खाकरला आणि फावडं पाइपावर दोनदा आपटलं. दिवे विझले, म्हणजे त्यानं मान वळवली. वाळलेल्या पाचटावरून उंदीर गेला तरी वाजतं. एवढं मोठं जनावर उसात शिरलं आणि एक पान वाजलं नाही.

‘गेला का?’

‘गेला. रोजचाच हाये. आज लाइट रात्रीची हाये, हे त्याला कुठं ठाऊक!’

तेव्हा मला तो विनोद वाटला होता. सकाळी उजेडात आम्ही पुन्हा तिकडे गेलो. ओल्या बांधावर ठसे उमटले होते: चार बोटं, मागे तळव्याची गादी, नखांचा मागमूस नाही. ठशावर काडेपेटी आडवी ठेवली, तर दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरेल एवढा. आणि ते ठसे आमच्या चपलांच्या ठशांवर पडले होते. रात्री पहिलं दार उघडायला आम्ही त्या वाटेनं गेलो, त्यानंतर तो तिथूनच चालत गेला होता. माग काढत होता म्हणून घाबरायचं कारण नाही; पायाखाली न वाजणारा मोकळा बांध चालायला त्यालाही आवडतो. पुढे तो उसात शिरला आणि पलीकडच्या कोपऱ्यावर निघाला. आम्ही अजून पहिल्या दारापाशीच आहोत, असा त्याचा हिशेब असावा. पाटाच्या खळखळाटात आमची पावलं त्याला ऐकूच आली नाहीत.

आम्ही रानात आहोत हे त्याला माहीत होतं. तो रानात आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. रानातल्या बहुतेक भेटी अशाच असतात, फक्त त्यातल्या शंभरांतल्या नव्याण्णव आपल्याला कळत नाहीत. जी कळते, ती लपण्याचा त्याचा बेत फसलेली भेट.

२. अंतराचं गणित

गल्लीतलं एखादं अनोळखी कुत्रं बघा. तुम्ही लांबून चालत येता, ते नुसतं डोळे किलकिले करतं. आणखी जवळ गेलात की उठतं आणि दहा पावलं बाजूला जाऊन बसतं. पण तेच कुत्रं जिन्याखालच्या कोपऱ्यात असेल, तर त्याला जायला जागा नसते. मग ते दात दाखवतं, आणि तरीही पुढे गेलात तर चावतं.

हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं या दोन टप्प्यांची नीट मांडणी केली. बर्न, बासेल आणि झुरिक इथल्या प्राणिसंग्रहालयांचा कारभार त्यानं पाहिला होता, त्यामुळे पिंजऱ्यातला प्राणी माणसाला किती जवळ येऊ देतो हे बघण्यात त्याचं आयुष्य गेलं. प्रत्येक प्राण्याभोवती दोन अदृश्य रिंगणं असतात असं समजा. बाहेरचं मोठं रिंगण पळण्याच्या अंतराचं: तिथे पाऊल पडलं की प्राणी निघून जातो. आतलं छोटं रिंगण निकराचं: तिथवर कुणी पोचलं आणि पळायला वाट नसली, की प्राणी उलट अंगावर येतो. पहिल्या रिंगणात भीती पळ म्हणते, दुसऱ्यात तीच भीती चाव म्हणते.

आता एक गणित करू. समजा, उसाच्या कडेला बसलेल्या बिबट्याचं पळण्याचं अंतर ३० मीटर आहे. आपण ताशी ५ किलोमीटरनं चालतो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. दोघंतिघं गप्पा मारत चाललो आहोत आणि त्याला १०० मीटरवरून आवाज आला. त्याचं रिंगण गाठायला आपल्याला ७० मीटर चालायचं आहे, म्हणजे त्याच्या हाताशी ५० सेकंदं आहेत. तेवढ्यात तो आळस देऊन, अंग झाडून निघून जाईल. आता तीच वाट, पण एकटे, मुकाट्यानं, पाटाच्या आवाजात, वळणावर. त्याला आपला पत्ता लागतो तो १० मीटरवर. पळण्याचं रिंगण कधीच मागे पडलं, आणि उरलेलं अंतर संपायला ७ सेकंदं. एवढ्यात त्याला सगळं ठरवायचं असतं.

माणसाचा हेतू या गणितात कुठेच येत नाही. तुम्ही प्राणिप्रेमी असा की शिकारी, त्याला दिसतात ती सेकंदंच.

रिंगणाचा आकार मात्र कायमचा ठरलेला नसतो. ताडोब्यातली चितळं जिप्सी चार हातांवर आली तरी चरत राहतात. शिकार होते त्या रानातली चितळं माणूस दिसताच उधळतात. पिल्लांजवळच्या मादीचं आतलं रिंगण भलतंच मोठं होतं. जखमी जनावराचंही तेच.

३. दिवे कुणाचे?

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावलेली असते. तिच्यात स्वतःचा उजेड नाही. आपल्या गाडीचा उजेड ती आपल्याकडेच परत पाठवते. रात्री हिंडणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे असाच एक थर असतो. डोळ्यात शिरलेला उजेड पडद्यातून एकदा जातो, मागच्या थरावर आपटून पुन्हा पडद्यातून येतो. एकाच उजेडाचा दोनदा उपयोग, म्हणून अंधारात त्यांना आपल्याहून पुष्कळ जास्त दिसतं. हा थर माणसाला नाही, माकडांनाही नाही. गाय, शेळी, कुत्रा, मांजर या सगळ्यांना आहे, त्यामुळे रात्री चमकणारे डोळे दिसले की बिबट्याच, असं धरून बोंब ठोकू नये. मामाचा ठोकताळा असा: बघत राहतात ते गाईगुरांचे, विझून दुसरीकडे लागतात ते त्याचे.

४. ऊस म्हणजे रानच की

‘जंगल तोडलं म्हणून बिबटे गावात आले,’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते तपासावंसं वाटत नाही. जुन्नर, अकोले, संगमनेर भागात गोष्ट थोडी निराळी आहे. धरणं झाली, कालवे आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. दोन पुरुष उंच, आत गारवा, जवळ पाणी, माणसाचा वावर कमी. बिबट्याच्या पिल्लांना आईपासून सुटं व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे उसात जन्मलेल्या पिल्लाच्या दृष्टीनं ऊस हेच त्याचं माहेर. ते कुठून ‘आलेलं’ नसतं.

आणि खायचं काय? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहणारा तो शेतीचा मुलूख. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा खाल्लेल्या मांसातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात सगळ्यात मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं उकिरड्यावर. उकिरडा वाढला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या टिकतो. कचरा आणि बिबट्या यांचं नातं ग्रामसभेत कुणी मांडत नाही, मांडायला हवं.

मग पकडून लांब नेऊन का सोडत नाहीत? तेही करून झालं आहे. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, त्या वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. सपाटा सुरू झाल्यावर २००३ पर्यंतची सरासरी गेली सतरावर. चाळीतली खोली रिकामी झाली की दुसरा भाडेकरू येतो, तसं झालं: सुटलेल्या जागेत नवखा बिबट्या शिरला, आणि नेऊन सोडलेला परक्या मुलखात बावचळला.

नेऊन सोडलेला बिबट्या तिथेच थांबत नाही, याचा दाखला म्हणजे ‘आजोबा’. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एका विहिरीतून एक वयस्क नर काढला. गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्यानं महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि साधारण १२० किलोमीटर तोडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन बसला. वाटेत त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. २०१४ साली आलेला ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट त्याच्यावरच बेतलेला. गळ्यात पट्टा नसता, तर तो गेलेला कुणाला कळलंही नसतं.

इथे एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत माणसं बळी पडली आहेत, त्यातही अंगणात खेळणारी लहान मुलं. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला टक्केवारी ऐकवू नये. पण दुसऱ्या घरावर तीच वेळ येऊ नये म्हणून ती समजून मात्र घ्यायलाच हवी.

ऊसतोडीच्या दिवसांत या मुलखात एक वेगळी भेट घडते. कोयता चालता चालता पाचटात दोन-तीन पिल्लं सापडतात, मांजराएवढी, फिसफिसणारी. पूर्वी लोक ती उचलून गावात आणत आणि रात्री आई शोधत गावात येई. आता वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, आणि अंधार पडायच्या आत त्याच रानात, त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवतात. लोकांना लांब काढतात. कॅमेऱ्यात पुढचं दिसतं: मादी येते, क्रेटभोवती दोन घिरट्या घालते, पंजानं क्रेट कलंडवते, एकाला मानगुटीला धरून नेते. थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत येते.

५. अस्वल मात्र वेगळं

आतापर्यंतचं सगळं गणित अस्वलापाशी कोलमडतं. ब्रह्मपुरीकडच्या रानात मोहफुलं वेचणाऱ्या एका आजींनी मला ते चार शब्दांत सांगितलं: ‘वाघ रस्ता देते. अस्वल देत नाही.’

का देत नाही? अस्वल वारूळ फोडून त्यात तोंड खुपसतं आणि वाळवी अक्षरशः ओढून घेतं. त्यासाठी त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून हवेबरोबर वाळवी आत जाते. याचा आवाज केवढा, तर पुढचं बरंच रान ऐकतं. मिक्सर चालू असताना दाराची बेल ऐकू येत नाही, तसं त्याचं होतं. नजरही बेताची. नाक तेवढं तल्लख, पण वारा उलटा असला की तेही कामाचं नाही. मग माणूस थेट त्याच्या दुसऱ्या रिंगणातच जाऊन उभा राहतो. त्यातून अस्वलाला पळून सुटायची सवय नाही. वाघाच्या शेजारात राहिलेलं जनावर. पाठीवर पिल्लं घेऊन चालणारी मादी पळणार तरी कुठे? अंगावर जाणं हाच त्याचा बचाव.

मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपतात. ती बायकांनाही हवी असतात आणि अस्वलालाही. वेळ एक, झाड एक, आणि वेचणारी बाई खाली वाकलेली. आजी घरून निघताना डबा आणि चमचा घेतात. झाडाजवळ जाण्याआधी शंभर पावलांपासून तो वाजवत जातात, आणि झुंजूमुंजू झाल्याखेरीज पहिलं फूल उचलत नाहीत. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की लोक म्हणतात, आता झडप घालणार. बहुधा ते वास घेऊन समोर काय आहे, हे बघत असतं. तेवढा वेळ तोंड न फिरवता मागे सरकायला मिळतो, तो दवडू नये.

(१७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गअभ्यासकानं या प्राण्याला आधी चक्क ‘स्लॉथ’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबकळणाऱ्या सुस्त प्राण्याच्या गोतात घातलं होतं. लांब नखांनी त्याची दिशाभूल केली. त्याचं इंग्रजी नाव अजून तेच आहे. सुस्त! ब्रह्मपुरीच्या आजींना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या.)

६. साप आणि गवा, थोडक्यात

साप तर चावण्याआधी बजावतो. घोणस कुकरच्या शिट्टीआधीच्या वाफेसारखी फुसफुसते, कोकणातलं फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, नाग फणा काढतो. हे सगळे ‘आतल्या रिंगणाशी पोचलास, थांब’ असे निरोप आहेत. मण्यार तेवढी गुपचूप असते. तिच्यासाठी जमिनीवर झोपू नये आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

गव्याचं उदाहरण दुर्दैवानं शहरातलं आहे. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला सकाळी एक गवा आला. एवढं धूड, पण त्यानं कुणाचा जीव घेतला नाही. माणसं मात्र शेकड्यांनी जमली, मागे धावली, मोबाइल उंचावून चारी बाजूंनी उभी राहिली. दोन्ही रिंगणं माणसांनी भरून गेली. पळायला दिशाच उरली नाही. पकडल्यावर काही तासांत तो धापा टाकून मेला.

७. पाच पावलं की एकोणीस?

अशी भेट जन्मभर आठवते. कालची भाजी आठवत नाही, आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या डोळ्यांचा रंग आठवतो. भीतीच्या क्षणी शरीरात ॲड्रेनालिन उसळतं आणि मेंदूतला भावनांचा बदामाएवढा भाग शेजारच्या आठवणींच्या कोठाराला बजावतो: हे पक्कं लिहून ठेव. म्हणून एरवी गाळले जाणारे बारीकसारीक तपशीलही नोंदले जातात.

पण पक्कं म्हणजे अचूक नव्हे. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. स्वतःच्या पडण्याला लागलेला वेळ त्यांनी सरासरी ३६ टक्के जास्त सांगितला. मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र बांधलं होतं. वेळ खरंच संथ झाला असता तर ते आकडे वाचता आले असते. आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी वेळ लांबत नाही. आठवण दाट होते, म्हणून मागाहून ती लांब वाटते.

हे वाचलं आणि मला मामाचा बांध आठवला. ‘पाच पावलांवर होता,’ असं मी त्या रात्री घरी सगळ्यांना शपथेवर सांगितलं होतं. सकाळी मामानं माझ्या चपलेच्या शेवटच्या ठशापासून त्याच्या ठशापर्यंत पावलं मोजली. एकोणीस भरली. मामा काही बोलला नाही, फक्त मामीकडे बघून हसला.

८. तर मग करायचं काय?

बिबट्याच्या मुलखात रात्री चालायचंच असेल तर आवाज करत चाला. मोबाइलवर गाणं लावा, काठी आपटा. त्याला त्याची ५० सेकंदं द्या. दिसलाच तर उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, दरडावून बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. वाकू नका, बसू नका. मामानं ‘खाली बसू नको’ म्हटलं ते त्याचसाठी: उभा माणूस बिबट्याच्या भक्ष्याच्या मापात बसत नाही, बसलेला बसतो. उघड्यावर शौचाला बसलेल्यांवर आणि लहान मुलांवर हल्ले होण्याचं एक कारण हेच. पोरांना तिन्हीसांजेनंतर अंगणात एकटं सोडू नका, कोंबड्यांची आतडी घरामागे टाकू नका. गावात जनावर अडकलं तर बघायला जाऊ नका, १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा आणि त्याची एक बाजू मोकळी सोडा.

आणि माझं मत विचाराल तर, जुन्नरच्या बाबतीत पिंजऱ्यापेक्षा जास्त उपयोग दिवसाच्या विजेचा होईल. बिबट्यानं रात्र निवडली ती आपण दिवसा राबतो म्हणून. लाइटच्या वेळापत्रकानं आपल्याला त्याच्या पाळीत ढकललं. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून कागदावर आणि कुठे कुठे रानातही आहे. मामाच्या पंपाला मात्र या हिवाळ्यातही लाइट एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीचीच होती.